गावच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, दाखवायला कोणता प्रेमपट अजून चालतो?

दिवाळीनंतर मंडईला पटांगणात पडदा लावणार असाल, तर ‘सैराट’ (2016) डोळे झाकून घ्या. बुलेट आणि ट्रॅक्टर चालवणारी आर्ची आजही गावाला आपली वाटते, अन् जातीची भीती काही जुनी झालेली नाही. सिनेमा जवळपास तीन तासांचा आहे, म्हणून अंधार पडताच सुरू करा. उशिरा दवानं पडदा ओला होतो. शेवटी आवाज मुद्दाम पूर्ण बंद होतो. ऑपरेटरला आधीच सांगून ठेवा, नाहीतर नेमका तेव्हाच तो वायर हलवत बसतो.

‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ (1995) गाण्यांवर तरलाय. पण रात्री काहीतरी घडलं असं सांगून राज सिमरनला रडवतो, ती थट्टा आता बघवत नाही. शिवाय पोरीच्या लग्नाचा निकाल शेवटी बापाच्याच हाती. आईनं बाईच्या वाट्याला येणाऱ्या त्यागाबद्दल लेकीला सांगितलेलं मात्र आजही काळजाला लागतं.

‘मुंबई-पुणे-मुंबई’ (2010) ताजा आहे, पण सगळी मजा दोघांच्या बोलण्यात. भोंग्यावर ते शब्द विरतात. घरी टीव्हीवरच पाहा.