ऊसतोडणीची उचल देण्यापूर्वी वाहनमालकांनी हे वाचावे

कारखान्याशी झालेल्या तोडणी-वाहतूक करारावर माझ्या नावाने कर्ज निघाले, ती रक्कम मी २०२३ च्या उन्हाळ्यापासून धारूर तालुक्यातील एका मुकादमाला (मजुरांची टोळी आणणाऱ्या मध्यस्थाला) हप्त्याहप्त्याने उचल (मजुरीपोटी आगाऊ रक्कम) म्हणून दिली, आणि गाळप सुरू झाले तेव्हा त्याच्या टोळीतील एकही कोयता, म्हणजे तोडणी करणारी नवरा-बायकोची एकही जोडी, फडावर आली नाही. मुकादमाचा मोबाईल बंद होता आणि घराला कुलूप होते. ट्रॅक्टर दारात उभा राहिला. व्याज मात्र थांबले नाही.

कागदपत्रे वरवर चोख होती. नोटरी केलेला करारनामा, मजुरांची यादी, अंगठे आणि आधार कार्डांच्या झेरॉक्स असे सारे त्यात होते. पुढे त्याच मुकादमाने फसवलेले दुसरे दोन वाहनमालक भेटले आणि आम्ही तिघांनी आपापले करारनामे शेजारी ठेवले, तेव्हा तिन्हींत तीच नावे निघाली. एका आधार कार्डाच्या फोटोवरून गेलेली घडीची आडवी रेघसुद्धा तिन्ही झेरॉक्सवर तशीच होती.

यादीतल्या एका घरी मी गेलो. तिथल्या बाईंनी सांगितले, "दादा, आम्हाला तुमचं नावबी ठाऊक नाही. मुकादमानं मागची बाकी कापून थोडे पैसे हातावर ठेवले, आता दुसऱ्याच गाडीवर चाललोय." त्यांच्या नावावर माझ्या यादीत जी रक्कम दाखवली होती, ती ऐकून त्या बराच वेळ काही बोलल्याच नाहीत.

त्या वर्षी पावसाने मोठी ओढ दिली होती. ऑक्टोबरच्या अखेरीस राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत बीड जिल्ह्यातील वडवणी, धारूर आणि अंबाजोगाई हे तालुके होते. खरीप हातचा गेला की किराणा, दवाखाना, मुलीचे लग्न या सगळ्यांसाठी उचल हाच आधार उरतो. मजूर मिळेल त्या अटीवर अंगठा देतो, आणि यंदा माणसे भरपूर मिळतील या समजुतीने वाहनमालकही निर्धास्त राहतो. एकच टोळी तिघांना विकणाऱ्याला याहून सोयीचा काळ नसतो. दुष्काळात गुन्हे वाढतात असे म्हणताना बोट मात्र गरिबाकडे दाखवले जाते, हे मला मुळीच मान्य नाही. मी पाहिलेल्या प्रकरणात उपाशी माणसाने कोणाला लुबाडले नव्हते. त्याची गरज दाखवून मधल्या माणसाने दोन्हीकडचे पैसे गिळले होते.

या व्यवहारातून पुढे आणखी गंभीर गुन्हे घडतात. वसुलीसाठी मुकादमाला, कधी त्याच्या नातेवाइकाला किंवा साध्या मजुराला गाडीत घालून नेल्याचे आणि डांबून ठेवल्याचे प्रकार घडलेले आहेत. मलाही तसा सल्ला देणारे भेटले. पैसे बुडालेल्या माणसाचा संताप मी समजू शकतो, पण त्या वाटेने गेलेला वाहनमालक फिर्यादीचा आरोपी होतो आणि त्याची रक्कम तर सुटतच नाही.

पोलीस ठाण्यात आधी 'हा दिवाणी मामला आहे' असेच ऐकावे लागले. तिघांचे करारनामे आणि बँकेचे उतारे एकत्र दिल्यावर, एकच टोळी तिघांना दाखवणे हा सुरुवातीपासूनचा फसवणुकीचा हेतू आहे, हे मांडता आले आणि गुन्हा नोंदवला गेला. म्हणून आपल्या भागातील इतर फसलेल्यांना आधी शोधावे. वसुलीच्या दिवाणी दाव्याला साधारणपणे ३ वर्षांची मुदत असते, तिच्यावरही लक्ष ठेवावे. मुकादमाचा धनादेश घेतला असेल आणि तो वटला नाही, तर बँकेची सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस गेली पाहिजे. ही मुदत हुकल्याने अनेकांची प्रकरणे तिथेच अडली आहेत.

उचल देण्याआधी यादीतल्या माणसांना त्यांच्या गावी जाऊन भेटावे, मूळ आधार कार्ड पाहावे आणि हीच नावे दुसऱ्या कोणाच्या करारात आहेत का, याची कारखान्याच्या शेतकी विभागात व आसपासच्या वाहनमालकांकडे चौकशी करावी. शक्य तिथे रक्कम मुकादमाच्या हाती न देता प्रत्येक जोडीच्या खात्यावर भरावी. मुकादम याला हमखास विरोध करतो आणि 'मग टोळी मिळणार नाही' असे सांगतो. असे सांगणाऱ्याशी करार करू नये.