तृतीयपंथी ओळखपत्राचं सरकारी पोर्टल: सेवा चांगली, पण आधी आधार कार्डवरचं नाव आणि पत्ता बघा

सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या नालसा निकालानं तृतीयपंथीयांची ओळख मान्य झाली, हातात कागद मात्र 2019 च्या तृतीयपंथी हक्क कायद्यानंतरच येऊ लागला. तो मिळवायचं हे केंद्राचं पोर्टल, नोव्हेंबर 2020 पासूनचं. फी शून्य. अर्ज घरबसल्या होतो, सही जिल्हाधिकाऱ्यांची.

सगळ्यात जास्त घोळ नावात. फॉर्ममध्ये मूळ नाव आणि बदललेलं नाव अशा दोन जागा आहेत. आपल्याकडे कोल्हापुरात जोगत्यांमध्ये, म्हणजे यल्लम्माला वाहिलेल्यांमध्ये, गुरूच्या घरचं नाव एक आणि आधारवरचं दुसरं, हे नेहमीचंच. मूळ नावाच्या जागी आधारवर आहे तेच, अक्षरन् अक्षर. हाक मारायचं नाव दुसऱ्या जागी. अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रातही दोन्ही नावं तशीच टंकून घ्या आणि मगच नोटरीकडे जा. शिक्का पडल्यावर खाडाखोड चालत नाही.

दुसरी चूक जिल्ह्याची. मूळ गाव निपाणी किंवा मिरज असलं तरी सलग 12 महिने कोल्हापुरात राहत असाल तर अर्ज कोल्हापूरचाच. पत्ता जुना असेल तर आधी आधार केंद्र, मग पोर्टल. हा क्रम उलटा झाला की अर्ज लटकलाच म्हणून समजा.

तिसरी अडचण प्रकार निवडण्याची. 2020 च्या नियमांत कायद्याच्या कलम 6 चं पहिलं प्रमाणपत्र स्वतःच्या घोषणेवर, वैद्यकीय तपासणीशिवाय ठेवलं होतं. कलम 7 म्हणजे शस्त्रक्रियेनंतर पुरुष किंवा स्त्री अशी नोंद. त्याला रुग्णालयाच्या अधीक्षकांचा दाखला लागतो. घाईत दुसरा प्रकार निवडणारे तिथंच अडकतात, आणि दोष पोर्टलला देतात! अर्थात पोर्टलनंही हा फरक सोप्या मराठीत, ठळकपणे पहिल्याच पानावर सांगायला हवा होता. त्याचा एक तारा मी कापतो.

पहिलं प्रमाणपत्र देण्याची मुदत 30 दिवसांची. नंतर ओळखपत्र. अर्ज फेटाळला तर कारण कळवणं बंधनकारक आहे, आणि कळल्यापासून 90 दिवसांत अपील करता येतं. म्हणून अर्ज क्रमांकाचा स्क्रीनशॉट ठेवाच. अडलंच तर कोल्हापुरातल्या विचारे माळावरच्या सामाजिक न्याय भवनात समाजकल्याणकडे हा क्रमांक घेऊन जायचं.

प्रमाणपत्र आलं की आधी आधार, मग पॅन, बँक शेवटी. पॅनच्या अर्जात तृतीयपंथीयांसाठी वेगळा रकाना 2018 पासून आहे. पाचपैकी चार तारे.