‘गॅरंटीड फिट’ चाकांचा सापळा: १९६९ च्या कॅमॅरोचा एक सौदा

गाडी १९६९ ची शेव्हरोले कॅमॅरो. मूळची १४ इंची चाकं काढून १८ इंची बसवायची होती. जाहिरात अशी: ‘कॅमॅरोसाठी चार चाकं, नव्या टायरसकट, चढवून आणि बॅलन्स करून मिळतील, फिटिंगची गॅरंटी.’ पुढे १८×८ च्या रिमवर (व्यास × रुंदी, इंचात) २४५/४० आर १८ टायर (रुंदी मिमीत, भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिमचा व्यास इंचात), मागे १८×९.५ वर २७५/४० आर १८. पैसे गेले, खोकी आली, आणि मागचं चाक ॲक्सलच्या स्प्रिंगच्या पाट्यांना जाऊन टेकलं. परत घ्या म्हटल्यावर उत्तर आलं की टायर चढवलेला माल परत घेत नाही आणि गॅरंटी फक्त ‘मूळ अवस्थेतल्या’ गाडीला आहे. गाडीचे ब्रेक, पाटे, उंची सगळं मूळचंच आहे असं कळवल्यावर विक्रेत्याचं म्हणणं, इतक्या जुन्या गाडीत काही ना काही बदललेलंच असणार. ते नाही हे सिद्ध करणं मालकाच्या गळ्यात.

‘कॅमॅरोसाठी’ हे खोटं नव्हतं. चाकं कॅमॅरोच्याच मापाची होती, पण २०१० नंतरच्या. चाकाच्या आतल्या बाजूला ओतीव अक्षरात लिहिलं होतं: ५×१२०, ईटी ३८ (ईटी म्हणजे ऑफसेट, त्याचा हिशोब पुढे येतो). १९६७ ते २००२ पर्यंतच्या कॅमॅरोचं बोल्टचं वर्तुळ ५×४.७५ इंच, म्हणजे पाच बोल्ट आणि वर्तुळाचा व्यास १२०.६५ मिमी. २०१० पासून ते १२० मिमी झालं, जे बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच गाड्यांचं माप. फरक फक्त ०.६५ मिमी, त्यामुळे चाक बोल्टांवर चढतं, नट आवळतात, अंगणात उभी गाडी झकास दिसते.

घोटाळा धावायला लागल्यावर कळतो. व्यासात ०.६५ म्हणजे मध्यापासून प्रत्येक बोल्ट सुमारे ०.३३ मिमी बाहेर. नटाचा उतार चाकाच्या भोकात पूर्ण न बसता एका अंगाने टेकतो, आवळताना बोल्ट किंचित वाकतो, आणि काही मैलांनी नट सैल पडू शकतात. महामार्गाच्या वेगाला थरथर सुरू होते. विक्रेता म्हणतो, बॅलन्सिंग पुन्हा करून घ्या. बॅलन्सिंगने हे जात नाही, कारण चाक हबवर (चाक ज्यावर बसतं त्या ॲक्सलच्या तोंडावर) मध्यात बसलेलंच नसतं.

चाकाचं मधलं भोकही बघा. २०१० च्या कॅमॅरोचं कंपनीचं चाक असतं तर त्याचं भोक सुमारे ६७ मिमी. ६९ च्या गाडीचा हब त्याहून मोठा, सत्तरच्या आसपास, म्हणजे चाक बसलंच नसतं आणि सौदा दारातच उघडा पडला असता. बाहेरच्या बनावटीच्या चाकांना अनेक गाड्यांना चालावं म्हणून ७२–७३ मिमीचं भोक ठेवतात. त्या मोठ्या भोकामुळे चूक झाकली जाते.

हे ०.६५ मिमी टेपने मोजता येत नाही. पाच बोल्टांच्या चाकात एक सोडून दुसऱ्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर वर्तुळाच्या व्यासाच्या ०.९५१ पट येतं. १२०.६५ ला ते ११४.७ मिमी, १२० ला ११४.१. व्हर्नियर कॅलिपर हवा. दोन भोकांच्या एकमेकांकडच्या कडांमधलं अंतर घ्या आणि त्यात एका भोकाचा व्यास मिळवा. पण हा खटाटोप चाक हातात आल्यावरचा. त्याआधी विक्रेत्याकडून चाकाच्या पाठीचा फोटो मागवा, ज्यात ओतीव आकडे वाचता येतील. पुढच्या बाजूचे दहा चकचकीत फोटो पाठवणारा पाठीचा एकही फोटो पाठवत नसेल, तर सौदा तिथेच सोडा.

आता पाट्यांची गोष्ट, कारण खरे पैसे तिथे बुडतात.

जुन्या अमेरिकन गाड्यांच्या बाजारात बॅकस्पेसिंग चालतं, इंचात: चाक हबला टेकतं त्या पृष्ठभागापासून रिमच्या आतल्या कडेपर्यंतचं अंतर. नव्या गाड्यांच्या चाकांवर ऑफसेट असतो, मिलिमीटरमध्ये: तोच पृष्ठभाग रिमच्या मध्यरेषेपासून किती सरकलेला आहे ते. दोन मापं दोन भाषांत, आणि लबाडीला ही फट पुरते. डेट्रॉइटच्या आसपास गाड्यांच्या कंपन्यांत नोकरी करणारे आणि हौसेने जुनी मसल कार (दणकट इंजिनची अमेरिकन गाडी) घेणारे मराठी लोक कमी नाहीत. मिलिमीटरमध्ये शिकलेल्या इंजिनिअरला ‘प्लस ३८’ पटकन खटकत नाही, कारण त्याच्या रोजच्या गाडीला तेवढाच ऑफसेट असतो.

हिशोब सोपा आहे. रिमची सांगितलेली रुंदी टायर बसतो त्या जागेची असते. दोन्ही कडा धरून खरी रुंदी साधारण १ इंच जास्त. म्हणून १५×८ ची खरी रुंदी ९, तिचा मध्य ४.५ इंचावर. बॅकस्पेसिंग ४.५ असेल तर ऑफसेट शून्य. आता १८×९.५ घ्या: खरी रुंदी १०.५, मध्य ५.२५. ऑफसेट अधिक ३८ मिमी म्हणजे १.५ इंच. बेरीज ६.७५ इंच. पहिल्या पिढीच्या कॅमॅरोत मागे १५×८ ला साधारण ४.५ इंच बॅकस्पेसिंग नीट चालतं. या चाकाची आतली कड त्यापेक्षा सव्वादोन इंच आत गेली. आत पाटे आहेत. दुसरं काय होणार?

विक्रेत्याने फोनवर ‘साधारण पाच इंच’ असं सांगितलं होतं. पावतीवर तो आकडा नव्हता. पावतीवर होतं ‘कॅमॅरो, १८ इंच, संच’. फसवणूक सिद्ध करताना हाच कागद लागतो आणि हाच कागद निरुपयोगी निघतो.

मग सापळ्याचा दुसरा दात. विक्रेता म्हणतो, चाक आत जातंय ना, मग दीड इंची ॲडॅप्टर (हब आणि चाकाच्या मध्ये बसणारी, स्वतःचे बोल्ट असलेली जाड चकती) घ्या, बोल्टचं वर्तुळही १२०.६५ चं १२० करून देतो. आणखी पैसे. चांगला ॲडॅप्टर सर्वस्वी वाईट असतो असं नाही, पण इथे तो विक्रेत्याची चूक गिऱ्हाइकाच्या खर्चाने झाकतो, आणि आवळायचे नट दुप्पट होतात, अर्धे चाकाआड लपलेले. कॅमॅरोचे मूळ बोल्ट ७/१६ इंची, एका इंचाला २० आटे. नटाने बोल्टाच्या जाडीइतके आटे तरी धरले पाहिजेत: ७/१६ ला जवळजवळ नऊ फेरे, अर्ध्या इंचाच्या बोल्टाला दहा. हाताने फेरे मोजा. चार-पाच फेऱ्यांत नट घट्ट झाला तर गाडी हलवू नका. ॲडॅप्टरऐवजी नुसत्या भोकांच्या चकत्या देणारेही भेटतात. तशी अर्धा-पाऊण इंचाची चकती मूळ बोल्टांवर लावली की आटे उरतच नाहीत.

कॅमॅरोवरच हा खेळ चालतो असं नाही. मस्टँगवाल्यांची अडचण उलटी: आठ सिलिंडरच्या जुन्या मस्टँगचं वर्तुळ ५×४.५ इंच, म्हणजे ११४.३ मिमी, आणि २००५ नंतरच्या मस्टँगचंही तेच. चाक अगदी चोख बसतं, पण नव्या चाकाचा ऑफसेट मोठा, त्यामुळे आत घासतं. सुरुवातीच्या सहा सिलिंडरच्या मस्टँगला तर चारच बोल्ट. तिला ‘६६ मस्टँगची चाकं’ म्हणून पाच भोकांचा संच विकणारे आहेत. क्रायस्लरच्या जुन्या चॅलेंजर, चार्जरला ५×४.५, पण १९७२ पर्यंतच्या डार्ट आणि व्हॅलियंटला ५×४. साठच्या दशकातल्या त्यांच्या बहुतेक गाड्यांत डाव्या बाजूच्या बोल्टांना उलटे आटे असतात. चाकांबरोबर वीस सारखेच नट आले, तर विकणाऱ्याला गाडीची ओळख नाही.

जुन्या धर्तीच्या ‘सगळ्यांना चालणाऱ्या’ चाकांबद्दलही सावध राहा. त्यांची भोकं लांबट असतात आणि खास वॉशरनी ती योग्य वर्तुळावर आणतात. वॉशर दोन-तीन प्रकारचे, नटही सरळ दांड्याचे. वापरलेला संच विकताना वॉशर हरवलेले असतात आणि साधे उताराचे नट गळ्यात मारले जातात. त्यावर ते चाक कधीच मध्यात बसत नाही.

टायरमधली लबाडी जास्त साधी. या सौद्यातले ‘नवे’ टायर तारखेने जुने होते. टायरच्या भिंतीवर डीओटीचा (अमेरिकेच्या परिवहन खात्याचा) कोड असतो, त्यातले शेवटचे चार आकडे बनल्याचा आठवडा आणि वर्ष: ३११६ म्हणजे २०१६ चा ३१ वा आठवडा. २००० च्या आधीच्या टायरवर तीनच आकडे असत. तसा टायर दिसला तर तो प्रदर्शनापुरता. पूर्ण कोड बहुधा एकाच भिंतीवर असतो, दुसरीवर तारीख नसते. चढवून दिलेल्या संचात तारखेची बाजू आत गेलेली असू शकते, म्हणून टॉर्च घेऊन आतली भिंत वाचा. स्टेपनीचाही कोड वाचा. खाचा कितीही खोल दिसल्या तरी बऱ्याच गाडी कंपन्या सहा वर्षांनी टायर बदलायला सांगतात, आणि दहा वर्षं ही टायर कंपन्यांनी घातलेली शेवटची मर्यादा. हौशी गाडी वर्षाला हजार मैल चालते. तिच्या टायरच्या खाचा झिजत नाहीत, रबर म्हातारं होतं, म्हणून हा बाजार फोफावतो.

जुन्या मापांच्या नावाखाली काहीही खपवलं जातं. एफ ७०-१४ यातलं ‘एफ’ वजन पेलण्याची श्रेणी सांगतं, रुंदी नाही, म्हणून थेट मिलिमीटरमध्ये भाषांतर होत नाही. उंची जुळवावी लागते. उंची अशी काढा: २३५/६० आर १५ म्हणजे २३५ चे ६० टक्के १४१ मिमी, दोन भिंती २८२, त्यात १५ इंचाचे ३८१, एकूण ६६३ मिमी, २६.१ इंच. २७५/६० आर १५ ची उंची २८ इंच. त्याच ६९ च्या कॅमॅरोला कुणी ‘रुंद म्हणजे दमदार’ म्हणून हा मागे विकला, तर मडगार्डची कड टायर कापण्याची भीती, स्पीडोमीटर ६० दाखवताना गाडी ६४ च्या वर, आणि मागच्या ॲक्सलचा ३.७३ प्रमाणाचा गिअर ३.४८ सारखा सुस्त. दोन्हीकडे १५×७ वर २३५/६०, किंवा मागे १५×८ वर २५५/६० ही या गाडीची मळलेली वाट. पांढऱ्या अक्षरांचे १५ इंची टायर बहुतेक एस किंवा टी वेगश्रेणीचे, म्हणजे ताशी ११२ किंवा ११८ मैल. ‘रेसिंग टायर’ म्हणून त्यांचे जास्त पैसे देऊ नका.

मूळ रॅली चाकांचा (शेव्हरोलेच्या त्या काळच्या स्टीलच्या चाकांचा) बाजार वेगळाच. १९६९ च्या झी/२८ (कॅमॅरोचं खास दमदार मॉडेल) च्या १५×७ रॅली चाकावर व्हॉल्व्हच्या भोकाजवळ ‘वायएच’ असा ठसा असतो, जवळच बनल्याची तारीख. नवी नक्कल किंवा दुसऱ्या गाडीचं चाक घेऊन ठसा नव्याने मारणारे आहेत. जुना ठसा रंगाखाली बोथट असतो. अक्षरांच्या कडा धारदार आणि भोवतालचा पत्रा घासलेला दिसला तर हात आखडता घ्या. रंग काढून दाखवायला नकार हेही उत्तरच आहे. ओतीव चाक ‘घडीव’ म्हणून विकणाऱ्यांसाठी वजनकाटा पुरतो; शिवाय भार किती पेलतं याचा आकडा चाकावर हवाच.

पैसे देण्याआधी गाडी मोजा. मागचा ॲक्सल स्टँडवर घ्या, म्हणजे पाटे गाडीच्या वजनाखालीच राहतील. चाक काढा, ड्रमच्या तोंडावर सरळ पट्टी धरा. तिथून आत पाट्यापर्यंत आणि आतल्या पत्र्यापर्यंत, बाहेर मडगार्डच्या वळलेल्या कडेपर्यंत मोजा. दोन्ही बाजू मोजा. या गाड्यांत ॲक्सल अगदी मध्यात असेलच असं नाही, पाव इंचाचा फरक सहज निघतो. टायर रिमपेक्षा फुगीर असतो: २७५ म्हणजे १०.८ इंच, आणि रिम अर्धा इंच रुंद घेतली की टायरही सुमारे ०.२ इंच पसरतो. मागे दोन्हीकडे अर्धा इंच मोकळा ठेवा. पुढे स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून बघा. ड्रमच्या जागी डिस्क बसवल्या असतील तर कितीतरी संच पुढचं चाक बाहेर ढकलतात, तेव्हा मूळ गाडीचे आकडे विसरा. १३ इंची डिस्कला किमान १७ इंची चाक लागतं, १४ इंचीला १८.

ऑर्डरवर लिहून घ्या: वर्तुळ १२०.६५, रिमची रुंदी, बॅकस्पेसिंग इंचात, भोकाचा व्यास, टायरची तारीख. मग टायर न चढवलेलं एक पुढचं आणि एक मागचं चाक मागवा, गाडीला लावून बघा. फुकट बॅलन्सिंगचं आमिष घेऊ नका. चढवलेला टायर हीच परतीच्या दारावरची कडी. क्रेडिट कार्ड वापरा. झेल (बँकेतून थेट पैसे पाठवण्याची सेवा), वायर ट्रान्सफर, किंवा पेपॅलचा मित्र-कुटुंबाचा पर्याय सुचवणाऱ्याला नाही म्हणा. त्या पर्यायांत खरेदीला संरक्षण नसतं.

चाकं आधीच घरी आली असतील तर ग्राइंडर लावू नका, पाटे सरकवू नका, ॲडॅप्टर घेऊ नका. पाठीवरच्या आकड्यांचे, पट्टी लावून बॅकस्पेसिंगचे, डीओटी कोडचे आणि जाहिरातीचे फोटो घ्या. विक्रेत्याला माल स्वीकारलेला नाही असं लेखी कळवा. मग कार्ड कंपनीला पत्र पाठवा: ठरल्याप्रमाणे न आलेल्या मालाची तक्रार हा खर्च दाखवणारं पहिलं बिल निघाल्यापासून ६० दिवसांच्या आत तिच्याकडे लेखी पोचावी लागते. विक्रेता ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणत राहतो तो याच साठ दिवसांसाठी. एफटीसीकडे (ग्राहकांच्या फसवणुकीकडे बघणारी अमेरिकन सरकारी संस्था) आणि राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे तक्रार त्याच दिवशी टाका. काहीच परत मिळालं नाही आणि चाकं विकायचीच झाली, तर जाहिरातीत ५×१२०, ईटी ३८ आणि २०१० नंतरची कॅमॅरो हे स्पष्ट लिहा, पाठीच्या फोटोसकट.