साडेचार लाखांचं अ‍ॅप राहू दे, आधी पेटी भरताना बघू

पावसच्या बाजूला आमची हापूसची बाग आहे आणि घरपोच पेट्यांचं प्रीबुकिंग ऑनलाइन करायचं खूळ गेल्या दिवाळीत माझ्या डोक्यात शिरलं. आधी एका कंपनीकडे गेलो, नाव नको, साडेचार लाखांचं कोटेशन, १ लाख २० हजार अ‍ॅडव्हान्स, आणि तीन महिन्यांनी काय दाखवलं तर लॉगिनचा स्क्रीन आणि त्यावर गोल गोल फिरणारा आंबा. बाबा म्हणाले, हा पिकणार कधी?

मग ओळखीतून एक ताई मिळाल्या. पुण्यात बरीच वर्षं नोकरी करून गावी आलेल्या इंजिनिअर, तासाला १५०० घेतात, स्वतः थोडंच बनवतात, बाकी काय बनवायचं आणि कोणाकडून ते सांगतात. पहिल्याच फोनवर विचारलं, "दादा, डोमेन कोणाच्या नावावर? कोड कुठे ठेवलाय?" वेबसाइटचा पत्ता आणि प्रोग्रॅम, दोन्ही त्या कंपनीकडेच! सोडवताना नाकीनऊ आले.

अ‍ॅप नकोच म्हणाल्या. प्ले स्टोअरवर नवीन वैयक्तिक अकाउंट असेल तर आधी १२ टेस्टर, म्हणजे अ‍ॅप वापरून बघणारे, लागोपाठ १४ दिवस लागतात, तेवढ्यात मार्चचा अर्धा सीझन गेला की. साधं वेबपेज आणि मागे गुगल शीट, बस.

पण पैसे वसूल झाले ते वेगळ्याच गोष्टीत. मार्चमध्ये पहिली तोड होती तेव्हा त्या शेडमध्ये येऊन तीन तास नुसत्या बसल्या, आमची काकी पेंढ्यात फळं लावत होती आणि पेटीवर मार्करने नाव लिहीत होती, आणि मधेच म्हणाली, हे अजून कच्चं आहे, ह्या गिऱ्हाईकाला परवा दे. ताईंनी तिथेच डायरीत लिहिलं: तारीख देऊ नका, आठवडा द्या. माझ्या डिझाइनमध्ये कॅलेंडर होतं, ते गेलं. मग प्रत्येक पेटीला तोडीचा नंबर, कुठल्या दिवशी, कुठल्या भागातली कलमं. हे मला आधी उगाच वाटलं होतं. पण साका, म्हणजे आतला गर पांढरा आणि स्पंजासारखा होणं, बाहेरून दिसत नाही ना, गिऱ्हाईक कापतो तेव्हा कळतं, आणि मे मध्ये एकाच तोडीच्या पेट्यांच्या चार तक्रारी आल्या तेव्हा त्या तोडीच्या उरलेल्या सगळ्यांना मी स्वतःच फोन केले, बदली पेट्या पाठवल्या. एकानेही शिवी दिली नाही, उलट दोघांनी परत ऑर्डर दिली.

आता तक्रार. पैसे आल्याची नोंद घेणारा सर्व्हर फुकटच्या प्लॅनवर ठेवला होता, तो वापर नसला की झोपतो, अक्षय्य तृतीयेच्या आदल्या रात्री ११ जणांचे पैसे कापले गेले आणि ऑर्डर पेंडिंगच. मी रात्री दीडपर्यंत बँकेचे मेसेज शीटशी जुळवत बसलो. ताईंनी चूक कबूल केली, त्या दुरुस्तीचे तास लावले नाहीत, पण फोन सकाळी नऊला उचलला. सीझनमध्ये हे परवडत नाही, आधीच ठरवून घ्या रात्री कोण उचलणार ते. आणि लिहून काही देत नाहीत, सगळं व्हॉट्सअ‍ॅप व्हॉइस नोटवर, शोधायला गेलं की वैताग.

एकूण १८ तास, २७ हजार. ५ पैकी ४. मिरकरवाड्यातल्या एका मित्राला मासळीच्या ऑर्डरसाठी नंबर दिलाय, त्याला त्यांनी पहाटे जेटीवर भेटायला सांगितलंय.