आंतरराष्ट्रीय पद्धतीची प्राथमिक शाळा: नर्सरीत घालावे की पहिली-दुसरीत?

सोलापूर शहराच्या हद्दीलगत असलेल्या एका आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या शाळेच्या प्राथमिक विभागाविषयी हा अभिप्राय लिहीत आहे. शाळेचे नाव देत नाही, कारण पुढे ज्या उणिवा नोंदवल्या आहेत त्या थोड्याफार फरकाने अशा बऱ्याच शाळांत आढळतात आणि पालकांना निर्णयासाठी निकष अधिक उपयोगी पडतील. आमच्या एकत्र कुटुंबातली दोन मुले या शाळेत आहेत. माझी मुलगी घराजवळच्या मराठी बालवाडीत आणि पुढे मराठी शाळेच्या पहिलीत शिकून सातव्या वर्षी इथे दुसरीत आली, तर माझ्या जाऊबाईंचा मुलगा साडेतीन वर्षांचा असताना थेट नर्सरीत दाखल झाला. घर एक, शाळा एक आणि प्रवेशाची वये मात्र वेगळी, त्यामुळे ओळखीचे पालक आम्हालाच विचारतात की मूल अशा शाळेत केव्हा घालावे. माझे मत स्पष्ट आहे: सहा वर्षे पूर्ण झाल्यावर, पहिली किंवा दुसरीत घालावे, आणि तोपर्यंत ते घरच्या भाषेत चालणाऱ्या चांगल्या बालवाडीत असावे.

आधी मान्यतेविषयी. प्राथमिक स्तरावर आपल्याकडे मुख्यतः दोन आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमांची नावे घेतली जातात. जिनिव्हा येथे १९६८ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, म्हणजे आयबी, या संस्थेचा प्रायमरी इयर्स प्रोग्रॅम १९९७ मध्ये सुरू झाला. तो ३ ते १२ वयोगटासाठी असून त्यात ठरावीक पाठ्यपुस्तक नसते, तर सहा व्यापक सूत्रांभोवती वर्षभराची शोधकार्ये आखली जातात. केंब्रिज प्रायमरी साधारण ५ ते ११ या वयासाठी आहे, त्याचे सहा टप्पे आहेत आणि शेवटी चेकपॉइंट नावाची चाचणी घेण्याची सोय आहे. आमची शाळा यांपैकी कशाचीही पूर्ण अंमलबजावणी करत नाही. पाचवीपर्यंत केंब्रिज धर्तीची पुस्तके आणि शोधाधारित, म्हणजे मुलांच्या प्रश्नांतून पुढे जाणारे, अध्यापन, आणि सहावीपासून सीबीएसई, अशी तिची रचना आहे, आणि ही गोष्ट प्रवेशाच्या वेळी कार्यालयाने आडपडदा न ठेवता सांगितली, हे शाळेच्या बाजूने मी आवर्जून नोंदवते. जिथे असे कोणी आपणहून सांगत नाही, तिथे पालकांनी विचारावे. आयबीच्या बाबतीत उमेदवार शाळा (मान्यतेच्या प्रक्रियेत असलेली) आणि अधिकृत शाळा (मान्यता मिळालेली) असे दोन दर्जे असतात, आणि दोन्ही संस्थांच्या संकेतस्थळांवर त्यांच्या शाळांचा शोध घेता येतो. शुल्काचा पहिला हप्ता भरण्याआधी तेवढे तरी पाहावे.

आता शिकवण्याकडे वळते, कारण या शाळेचे खरे बळ तिसरी-चौथीच्या वर्गांत आहे. मुलगी तिसरीत असताना ‘वस्तू कशा तयार होतात’ या विषयावर वर्गाने कित्येक आठवडे काम केले आणि त्यासाठी शिक्षिकांनी सोलापूरची चादर निवडली. मुलांना पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कारखान्यात नेले. तिथे जकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी विणवणाऱ्या यंत्रणेच्या, छिद्रे पाडलेल्या पट्ट्या पाहून एका मुलाने विचारले की नक्षी मागाला कशी कळते, आणि त्या एका प्रश्नावर पुढचे सगळे काम उभे राहिले. छिद्र असेल तर उभा धागा उचलला जातो, नसेल तर खालीच राहतो, एवढे कळल्यावर मुलांनी चौकटीच्या वहीत प्रत्येक चौकोन म्हणजे एक धागा असे मानून स्वतःच्या नक्ष्या काढल्या. त्यातून सममिती आली, गुणाकार आला, एका चादरीला किती सूत लागेल याचा अंदाज आला. गणिताच्या वहीत पानेच्या पाने उदाहरणे सोडवूनही जी समज येईलच असे नाही, ती इथे आली, कारण प्रश्न मुलांचा स्वतःचा होता.

याच भेटीतली आणखी एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. कारखान्यातले वयस्क विणकर तेलुगूतच मोकळेपणाने बोलत होते, आणि वर्गातली तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली कुटुंबातली एक मुलगी त्यांचे बोलणे मराठीत आणि जमेल तसे इंग्रजीत सर्वांना सांगत होती. वर्गात एरवी फारशी न बोलणारी ती मुलगी त्या दिवशी वर्गाचा आधार झाली, असे शिक्षिकांनीच पालकसभेत सांगितले. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी या भाषा एकाच गल्लीत ऐकू येतात. चार वर्षांचे मूलही दुकानदाराशी एका भाषेत आणि शेजारच्या आजींशी दुसऱ्या भाषेत बोलते. ही आयती संपत्ती आहे, आणि तिसरीच्या शिक्षिकांनी ती ओळखली होती.

नर्सरी आणि केजीच्या वर्गांत नेमकी हीच संपत्ती दारात थांबवली जाते, आणि माझी मुख्य तक्रार इथे आहे. माझ्या पुतण्याला पहिल्या दिवसापासून वर्गात केवळ इंग्रजीत बोलण्याचा आग्रह झाला. तो घरी अखंड बोलणारा मुलगा. वर्गात मात्र बरेच महिने ठरावीक चार वाक्यांपलीकडे गेला नाही. तहान लागल्याचे तो सांगे, पण मित्राने खेळणे का हिसकावले आणि आपल्याला त्याचा राग का आला, हे सांगायला त्याच्याकडे शब्द नव्हते, आणि जे शब्द होते ते वापरायची मुभा नव्हती. शोधाधारित पद्धतीचा सगळा डोलारा मुलाच्या प्रश्नांवर उभा असतो. ज्याला प्रश्न विचारता येत नाही त्याच्यासाठी ती पद्धत रंगीत चित्रे आणि पाठ केलेली गाणी एवढीच उरते. विशेष म्हणजे आयबीच्या धोरणातही मुलांच्या घरच्या भाषेला आधार देण्यावर भर आहे. म्हणजे जी पद्धत पुढे करून पूर्वप्राथमिकचे शुल्क आकारले जाते, ती पद्धत असा आग्रह धरत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ३ ते ८ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला आहे आणि शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा किंवा मातृभाषा हे शिक्षणाचे माध्यम असावे असे म्हटले आहे. त्याच वर्षी महाराष्ट्राने कायदा करून सर्व मंडळांच्या शाळांत मराठी विषय सक्तीचा केला, आणि आमच्या शाळेत पहिलीपासून तो नीट शिकवलाही जातो, त्याबद्दल तक्रार नाही. प्रश्न पहिलीआधीच्या तीन वर्षांचा आहे. फिनलंडमध्ये मुले सातव्या वर्षी शाळेच्या पहिल्या इयत्तेत जातात. आणि इतके दूर जायचीही गरज नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेका यांच्याबरोबर १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा केला आणि पुढे अनुताई वाघांच्या साथीने आधी बोर्डीला, मग कोसबाडला, खडे, पाने, बिया अशा परिसरातल्या वस्तूंतून मॉन्टेसोरीचे तत्त्व मुलांच्या भाषेत उतरवले. लहान वयातल्या उत्तम शिक्षणाची परंपरा आपल्याच राज्यात असताना तीन वर्षांच्या मुलासाठी एवढे शुल्क कशासाठी द्यावे, याचे समाधानकारक उत्तर मला मिळालेले नाही. माझ्या मुलीच्या बालवाडीत चिंचोके होते, वाळू होती, आणि दिवसभर बोलणाऱ्या व मुलांना बोलू देणाऱ्या बाई होत्या.

उशिरा येण्याची किंमत असते, हे लपवणार नाही. दुसरीत आल्यावर पहिले सत्र मुलीला जड गेले. वर्गातली मुले इंग्रजी गोष्टींची पुस्तके वाचत होती आणि तिला सूचनाही पूर्ण कळत नव्हत्या. त्या काळात शाळेने जे केले त्यासाठी मी मनापासून आभारी आहे. वर्गशिक्षिकांनी तिला निरीक्षणे मराठीत लिहू दिली, सहायक शिक्षिकेने रोज थोडा वेळ तिच्याबरोबर वाचन केले, आणि इंग्रजी येत नाही म्हणून तिला गणितात मागे बसवले नाही. तिला पाढे तोंडपाठ होते, मराठी वाचन सफाईदार होते, आपले म्हणणे चार माणसांत मांडता येत होते; इंग्रजी त्यावर चढले आणि वर्ष संपता संपता तिची चिंता मिटली. पुतण्याचे इंग्रजी उच्चार आजही तिच्यापेक्षा सफाईदार आहेत, पण पहिलीत गेल्यावर, जेव्हा मराठीत बोलण्यावरची बंधने सैल झाली, तेव्हाच तो वर्गात खुलला. दोन मुलांवरून नियम बांधता येत नाही आणि स्वभावाचा फरकही असतोच. तरी इतर पालकांशी बोलताना हेच पुन्हा ऐकू येते.

घरात रोज इंग्रजीच बोलले जात असेल, किंवा नोकरीमुळे कुटुंबाला परदेशात किंवा दर दोन-तीन वर्षांनी दुसऱ्या राज्यात जावे लागत असेल, तर नर्सरीपासून घालण्यात अर्थ आहे. पाचवीनंतर पहिल्यांदा घालण्याचा विचार मात्र मी करणार नाही, कारण आमच्यासारख्या शाळेत सहावीपासून रचना बदलते आणि जे घ्यायला आलो तेच हातचे जाते.

व्यवहाराच्या बाबी थोडक्यात. शुल्क मध्यमवर्गीय घराला जाणवणारे आहे, आणि पूर्वप्राथमिक व प्राथमिक यांच्या शुल्कात मिळणाऱ्या शिक्षणाच्या मानाने पुरेसे अंतर नाही. महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क नियमन कायद्यानुसार शुल्काच्या प्रस्तावाला पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीची मान्यता लागते. आमच्याकडे ती समिती प्रत्यक्ष बैठका घेते, पण इतिवृत्त मागितल्याशिवाय मिळत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ प्रमाणे प्रवेशावेळी मुलाची वा पालकांची चाळणी लावता येत नाही, तेव्हा ‘भेट’ म्हणून बोलावून मुलाला इंग्रजीत रंग आणि आकडे विचारले जात असतील तर पालकांनी ते शांतपणे पण ठामपणे थांबवावे. बसची सेवा वक्तशीर आहे. एप्रिलच्या उन्हात, पारा चाळीसच्या वर असताना, शाळा सकाळची होते, पण परतीचा प्रवास लांबचा असल्याने लहान मुले थकून जातात. साडेतीन वर्षांच्या मुलाला घराजवळची बालवाडी बरी, असे म्हणण्यामागे हेही एक कारण आहे.

शिक्षक टिकण्याचा प्रश्न मात्र थोडक्यात आटोपण्यासारखा नाही. शोधाधारित पद्धतीत पुस्तक कमी आणि शिक्षक जास्त महत्त्वाचा असतो. चादरीचे ते काम आखणाऱ्या शिक्षिका पुढच्याच वर्षी पुण्याला गेल्या, आणि त्यांच्या जागी आलेल्या बाईंनी तोच विषय पुस्तकातल्या चित्रांवरून चार तासिकांत संपवला. प्रशिक्षण घेतलेली माणसे मोठ्या शहराकडे ओढली जातात, हे व्यवस्थापनाला माहीत आहे. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक शोधकार्याची आखणी, मुलांचे प्रश्न आणि भेटीची ठिकाणे लिहून पुढच्या शिक्षकाकडे सोपवावीत, अशी सूचना आम्ही काही पालकांनी लेखी दिली आहे आणि यंदापासून तशी नोंदवही ठेवायला सुरुवात झाल्याचे मुख्याध्यापिकांनी सांगितले.

पहिली ते पाचवीसाठी ही शाळा मी सुचवेन, पूर्वप्राथमिकसाठी नाही. जाऊबाईंची धाकटी मुलगी आता तीन वर्षांची झाली आहे. तिला आम्ही माझ्या मुलीच्याच बालवाडीत घातले असून या शाळेत तिच्यासाठी अर्ज पहिलीच्या वेळी करणार आहोत.