मोटरहोमने डोंगर आणि वाळवंट: कोलोरॅडो-युटा धरायचं की पूर्व सिएरा-डेथ व्हॅली?

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी काटोलहून नणंदेचा फोन आला. "वहिनी, लेकाकडे जाऊन राहिलो आम्ही यंदा. तो म्हणते, मोटरहोम घेऊ, डोंगर पण दाखवतो आन् वाळवंट पण. दोन रस्ते काढले त्यानं. कोणता धरू, तुम्ही सांगा."

हे दोन्ही रस्ते आम्ही मोटरहोमनं, म्हणजे आतच झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेल्या मोठ्या गाडीनं, केलेले आहेत, लेक अमेरिकेत होती तेव्हा, वेगवेगळ्या वर्षी. फोनवर काही सांगितलं, पण ते तुटक झालं. म्हणून सगळं इथे नीट लिहून काढते. नागपूर-विदर्भातून मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांची संख्या आता मोठी आहे आणि प्रश्न बहुतेकांचा हाच असतो.

पहिला रस्ता डेन्व्हरहून सुरू होतो. ड्युरँगो, सिल्व्हरटन, उरे असे सॅन वानचे डोंगर, मग उतरून मोआबचं लाल वाळवंट, तिथून कॅपिटल रीफ, हायवे १२ ने ब्राइस कॅनियन आणि परत डेन्व्हर. साधारण २,३०० ते २,४०० किलोमीटर होतात. बारा दिवस हवेत. दहा दिवसांत केलं तर निम्मा वेळ गाडीतच जातो.

दुसरा लास वेगसहून, कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा डोंगरांच्या पूर्व बाजूनं. वर टोनोपाहमार्गे बिशपला, तिथून बिशप क्रीक, जून लेक, मोनो लेक, मग हायवे ३९५ ने खाली लोन पाइन आणि शेवटी डेथ व्हॅलीतून परत वेगस. सव्वाबाराशे किलोमीटर, आठ दिवसांत आरामात.

आधी तारीख, मग रस्ता

बहुतेक जण फोटो पाहून रस्ता ठरवतात आणि मग सुट्टी बसवतात. इथे ते चालत नाही. डोंगरावर अ‍ॅस्पेनची झाडं पिवळी होतात ती जेमतेम दोन आठवडे, आणि त्याच दोन आठवड्यांत खालचं वाळवंटही सोसवेल इतकं निवलेलं हवं.

कोलोरॅडोत हा मेळ सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत बसतो. मोआबला तेव्हा दुपारी उकडतं, पण संध्याकाळी शाल लागते. पूर्व सिएरात रंग वरून खाली उतरत येतो: बिशप क्रीकच्या वरच्या तळ्यांपाशी सप्टेंबरअखेर सुरू होतो, खालच्या दरीत आणि जून लेकला ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत टिकतो. डेथ व्हॅली मात्र ऑक्टोबरात अजून तापलेलीच असते, दुपारचं सरासरी तापमान ३४ अंशांच्या आसपास. म्हणून तिकडे डोंगर आधी आणि वाळवंट शेवटी, महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात. उलट फिरू नका.

आता आपलं पंचांग त्यावर ठेवून पाहा. कोलोरॅडोच्या तारखा दरवर्षी पितृपक्षात नाहीतर नवरात्रात येतात. ज्यांच्याकडे घट बसतात त्यांना घर सोडणं सोपं नाही. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाणाऱ्या घरांचंही तेच, तो दिवस कुणी चुकवत नाही. सिएराच्या तारखा बहुतेक वर्षी दसरा आणि दिवाळीच्या मधल्या मोकळ्या दिवसांत बसतात. अधिक महिना आला की मात्र दसराच ऑक्टोबरच्या विसाव्या तारखेकडे सरकतो, तेव्हा हा हिशोब बिघडतो. पंचांग उघडूनच तिकिटं काढा.

संत्र्याची बाग असेल तर अजून एक गोष्ट. आंबिया बहाराची तोडणी ऑक्टोबरपासून पुढे चालते. व्यापारी बाग पाहायला येतो तेव्हा मालक घरी हवा.

उंची

नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरवर. आपल्या छातीला तेवढ्याच हवेची सवय. सिल्व्हरटन २,८३६ मीटरवर आहे आणि त्यापुढची रेड माउंटन खिंड ३,३५८ मीटरवर. आम्ही सिल्व्हरटनला रात्र काढली ती चूक होती. ह्यांचं डोकं रात्रभर ठणकत राहिलं, झोप आली की दचकून उठायचे. सकाळी उरेला उतरलो, तासाभरात चेहरा पूर्ववत झाला.

या रस्त्यावर मुक्कामाची उंची फारशी कमी करता येत नाही. ड्युरँगो जवळपास २,००० मीटर, ब्राइस त्याहून बरंच वर. मोआब तेवढं खाली आहे, साधारण बाराशे मीटर. पूर्व सिएरात हे दुखणं राहत नाही, कारण बिशप गाव १,२६५ मीटरवर आहे. सकाळी तीसेक किलोमीटर चढून लेक सब्रिनाला जायचं, २,७८० मीटरवर दिवसभर बसायचं, सूर्य कलला की बिशपला परत. दिवसा चढा, रात्री उतरा. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्यांनी निघण्याआधी डॉक्टरांना दोन्ही रस्त्यांच्या उंचीचे हे आकडे दाखवावेत.

उंचीचा परिणाम स्वयंपाकावरही होतो. सिल्व्हरटनला पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात तुरीची डाळ दीड तास शिजवली तरी दाण्याचं पोट कच्चंच राहिलं होतं, चमच्यानं दाबला की टणकन उडायचा. नागपूरहून तीन लिटरचा कुकर नेला नसता तर बारा दिवस ब्रेडवर काढावे लागले असते. आणि फोडणी देण्याआधी छतावरची खिडकी पूर्ण उघडून पंखा लावा. मोहरी तडतडली की धुराचा भोंगा वाजतो आणि आजूबाजूच्या सगळ्या गाड्यांतले लोक दार उघडून पाहतात.

गाडी कोण चालवणार

पंचवीस फुटी मोटरहोम म्हणजे आपल्याकडची मिनी बस समजा. मागच्या चाकांच्या मागे शेपूट लांब असते, त्यामुळे वळताना मागचं टोक विरुद्ध बाजूला झाडू मारल्यासारखं फिरतं. पेट्रोल पंपावरचे खांब या शेपटीलाच लागतात.

सिल्व्हरटन ते उरे हा रस्ता 'मिलियन डॉलर हायवे' म्हणून ओळखला जातो. कित्येक ठिकाणी कठडा नाही. तिकडे गाडी उजव्या बाजूनं चालते, म्हणून उरेहून दक्षिणेकडे निघालात तर तुम्ही दरीच्या कडेला असता आणि सिल्व्हरटनहून उत्तरेकडे निघालात तर डोंगराच्या कुशीला. एवढ्यासाठीच मी वर ड्युरँगो आधी लिहिलं. डेन्व्हरहून उलटी फेरी सुचवणारे पुष्कळ भेटतील, ती मोटरहोमनं करू नका. लवकर बर्फ पडला तर ही खिंड ऑक्टोबरातही अडते, म्हणून एक दिवस राखीव ठेवा.

दुसऱ्या रस्त्यावर अवघड जागा एकच, डेथ व्हॅलीत शिरतानाची टाउन खिंड. चढ ९ टक्क्यांचा. चढताना एसी बंद करा, इंजिन तापतं. उतरताना खालच्या गिअरमध्ये राहा, ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका. बाकी ३९५ रुंद आणि सरळ आहे, आपल्या वर्धा रोडवर चालवणाऱ्याला दुसऱ्या दिवशी हात बसतो. भाड्याची गाडी डेथ व्हॅलीत नेण्यावर उन्हाळ्याच्या महिन्यांत बऱ्याच कंपन्यांची बंदी असते. ती कोणत्या तारखेला उठते ते करारात वाचून घ्या.

पहिल्या रस्त्यात युटातलं झायन उद्यान जोडायचा मोह सगळ्यांना होतो. तिथला १९३० सालचा बोगदा मोठ्या गाड्यांसाठी बांधलेलाच नाही आणि त्यावर उंची-रुंदीच्या कडक मर्यादा आहेत. बोगद्यातून जायचा बेत मोटरहोमसाठी सोडून द्या.

काय दिसतं

अ‍ॅस्पेन दोन्हीकडे आहे. पहिल्यांदा त्याच्याखाली उभी राहिले तेव्हा मला आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या देवळापुढचा पिंपळ आठवला. वारा नाही असं वाटत असताना पान न् पान थरथरत होतं. एक पान तोडून देठ बोटांत फिरवून पाहिलं तर तो गोल नव्हता, पट्टीसारखा चपटा होता, म्हणून पान एवढ्याशा झुळुकीनं डुलतं. पिंपळाचं पान हिरवं सळसळतं, हे सोन्याच्या नाण्यासारखं. रंगाचा विस्तार मात्र कोलोरॅडोत फार मोठा आहे. अख्खे डोंगर पिवळे. सिएरात तो ओढ्यांच्या काठानं, घळींमधून उतरलेल्या पट्ट्यांसारखा दिसतो.

युटात असताना कॅपिटल रीफजवळच्या टॉरी गावाहून तासाभरावर फिश लेकपाशी 'पांडो' आहे. सुमारे ४३ हेक्टरांवर पसरलेली ४७,००० च्या आसपास खोडं, आणि सगळी मिळून मुळांनी जोडलेला एकच जीव. वडाच्या पारंब्या पाहत वाढलेल्या माणसाला ही गोष्ट पटकन कळते, फक्त इथे पारंब्या जमिनीखालून येतात. त्याच पट्ट्यात कॅपिटल रीफमध्ये जुन्या वस्तीच्या फळबागा राखून ठेवल्या आहेत. हंगाम असेल तर सफरचंदं स्वतः तोडायची, नेणार तेवढी तोलून पैसे ठेवायचे. नणंद तिथून हलणार नाही, हे मला आत्ताच दिसतं आहे.

मोआबच्या आर्चेस उद्यानात दोन हजारांवर दगडी कमानी आहेत. लँडस्केप आर्च जवळपास ९० मीटर रुंद आणि मध्यभागी इतकी बारीक की खालून पाहताना श्वास रोखला जातो. असा लाल दगड सिएराच्या रस्त्यावर नाही. ही उणीव खरी आहे आणि तिची भरपाई होत नाही.

तिकडे आहे ती उंची-खोलीची झेप. माउंट व्हिटनी ४,४२१ मीटर आणि डेथ व्हॅलीतलं बॅडवॉटर समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली. या दोन्हींतलं हवाई अंतर साधारण नागपूर-अमरावतीएवढंच. सकाळी लोन पाइनला बर्फाच्या सुळक्यांकडे पाहत चहा घेतला आणि दुपारी मिठाच्या पांढऱ्या पापुद्र्यावर चाललो, पायाखाली भाजलेल्या पापडासारखा आवाज येत होता.

आणि मोनो लेक. लोणार पाहिलेल्या प्रत्येकानं हे तळं पाहावं. लोणारसारखंच खारं आणि क्षारयुक्त, काठाला तसाच उग्र वास. फक्त लोणार उल्केच्या आघातानं झालं आणि मोनोच्या भोवती ज्वालामुखींची रांग आहे. पाण्यातून वर आलेले चुनखडीचे खांब दिसतात, ते मूळचे पाण्याखालचे. १९४१ पासून या तळ्याला मिळणारे ओढे लॉस एंजेलिसकडे वळवले गेले, पातळी घसरली आणि खांब उघडे पडले. लोकांनी लढून १९९४ मध्ये पाणी राखण्याचा निर्णय मिळवला. तळ्याकाठी हे वाचताना मला नागपूरचे आपले तलाव, अंबाझरी आणि फुटाळा, आठवत राहिले.

पैसे

मोटरहोम लिटरला साडेतीन-चार किलोमीटर देते. म्हणजे पहिल्या रस्त्याला ६००-६८० लिटर पेट्रोल, दुसऱ्याला साधारण ३१०-३५०. भाडं दिवसांवर आणि त्यावर मैलांचा आकार वेगळा, त्यामुळे एकूण खर्चातही बरंच अंतर पडतं.

२०२६ च्या सुरुवातीपासून परदेशी नागरिकांसाठी ११ मोठ्या उद्यानांत माणशी १०० डॉलर जास्तीचे लागतात, १६ वर्षांवरच्यांना. ब्राइस आणि झायन त्या यादीत आहेत. आर्चेस, कॅपिटल रीफ आणि डेथ व्हॅली नाहीत. योसेमिटी आहे, म्हणून मोनो लेकहून 'इतक्यात जाऊन येऊ' म्हणून योसेमिटीत शिरणाऱ्या टायोगा खिंडीकडे वळण्याआधी विचार करा. परदेशी लोकांचा वार्षिक पास २५० डॉलरचा आहे. त्या यादीतली किती उद्यानं करणार आणि माणसं किती, याचा हिशोब करूनच तो घ्यायचा की नाही ते ठरवा.

गाडी लावून राहायच्या जागा सरकारी तळांवर घ्या, आरक्षण बऱ्याच महिने आधी उघडतं. मोआबजवळ डेड हॉर्स पॉइंटला वीज मिळते पण पाणी भरता येत नाही, टाकी गावातून भरूनच वर जा. डेथ व्हॅलीत फर्नेस क्रीकला वीज-पाण्याच्या जागा फार थोड्या आहेत. नसतील मिळाल्या तरी ऑक्टोबरच्या रात्री एसीवाचून झोप लागते. ब्राइसला रात्री पाण्याची नळी काढून आत ठेवा, पहाटे ती गोठून काठीसारखी कडक होते. मैल्याची टाकी रिकामी करताना हातमोजे घाला, आधी काळी, म्हणजे संडासाची टाकी सोडा, मग करड्या, म्हणजे धुण्या-भांड्यांच्या पाण्याची, म्हणजे नळी धुतली जाते.

नणंदेला काय सांगितलं

मला स्वतःला पुन्हा एकच रस्ता मिळणार असेल तर मी कोलोरॅडो-युटा मागेन, पांडोसाठी आणि त्या लाल कमानींसाठी. ज्यांचं वय पन्नाशीच्या आत आहे, बारा दिवस मोकळे आहेत आणि गाडी दोघं आलटून पालटून चालवू शकतात, त्यांनी तोच धरावा.

पण तिच्या यजमानांना रक्तदाब आहे, घरी घट बसतात, गाडी एकटा मुलगा चालवणार आणि ऑक्टोबर संपता संपता व्यापारी बागेत येतो. या चारही गोष्टी एकाच बाजूला झुकतात. मी तिला सांगितलं, सिएरा धरा, बिशपला चार रात्री घ्या, कुकर आठवणीनं ठेवा. मसाला दूध कोरडं करून डब्यात भरून मीच देते. कोजागिरी सहलीत आलीच तर लोन पाइनबाहेरच्या अलाबामा हिल्सच्या गोल दगडांत गाडी लावून चांदण्यात न्हालेला व्हिटनी पाहायचा आणि दूध तिथेच गरम करायचं.

"मग बर्फाचे डोंगर दिसतीन ना?" तिनं विचारलं. दिसतील, म्हटलं, गादीवर बसल्या जागी खिडकीतून.