पद्मिनीचं इंजिन: बोअर करायचं की बदलायचं?

प्रीमियर पद्मिनीचं 1089 सीसीचं इंजिन थकलं की मेकॅनिक दोन वाटा सुचवतो: आहे तेच उघडून नव्यानं बांधा, नाहीतर दुसऱ्या गाडीचं बसवा.

माझं मत पहिल्याच्या बाजूनं. ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडा, बिडाचा. 68 मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर झिजला तर बोअर करून, म्हणजे आतून थोडा कापून मोठा करून, ओव्हरसाईज (किंचित मोठे) पिस्टन घालता येतात. क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतात तो दांडा, तपासायचा, लागला तर ग्राइंड करून त्या घासलेल्या मापाच्या अंडरसाईज बेअरिंग टाकायच्या. हेड, म्हणजे ब्लॉकवरचं झाकण, ॲल्युमिनियमचं आहे. गाडी कधी तापली असेल तर ते वाकलेलं असू शकतं, म्हणून आधी सपाट पट्टी ठेवून बघा. पट्टीखालून फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकला की फेसिंग, म्हणजे हेड मशीनवर सपाट करणं, आलंच. वेळ जातो, चांगले पार्ट शोधताना जीव मेटाकुटीला येतो. पण ती बांधलेली गाडी स्टार्ट होते तेव्हाचा आवाज पद्मिनीचाच असतो.

दुसऱ्या इंजिनाला पार्ट सहज मिळतात, हे खरं. पण गाडी रिअर व्हील ड्राइव्ह, म्हणजे जोर मागच्या चाकांना. माउंटिंग, गिअरबॉक्स, मागच्या चाकांकडे जोर नेणारा प्रोपेलर शाफ्ट सगळंच जुळवावं लागतं. स्टिअरिंगजवळचा गिअर बहुधा जातोच. शिवाय आरटीओची मंजुरी हवी. आणि 2021 च्या नियमानुसार पन्नाशी ओलांडलेल्या गाडीला व्हिंटेज नोंदणी हवी असेल, तर इंजिनात फेरफार चालत नाही.

काहीही निवडा, ताकद वाढवणार असाल तर आधी ब्रेक बघा. चारही चाकांना ड्रमच आहेत. किंगपिन (पुढची चाकं ज्यावर वळतात त्या पिना) आणि मागचे स्प्रिंगचे पाटेही त्याच वेळी करून घ्या.